कार्ला आणि भाजे एकाच दिवसात उरकू नका: नोव्हेंबर ते मार्च, पाच महिन्यांच्या फेऱ्यांनंतर

मुंबईहून सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशी लेणी म्हणजे घारापुरी, कान्हेरी, कार्ला आणि भाजे. कुठून कसं जायचं हे बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून त्यात फार शिरत नाही. हे लिहायला बसलो ते कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या, म्हणजे स्तूप असलेल्या बौद्ध प्रार्थनागृहातल्या, दुपारी साडेचारच्या उजेडामुळे. तेच चैत्यगृह सकाळी दहाला पाहिलं असेल, तर माझ्या मते ते अर्धंच पाहिलंय.

कारण अगदी साधं आहे. कार्ल्याचं तोंड पश्चिमेला आहे आणि आत उजेड येतो तो मुख्यतः दर्शनी भिंतीतल्या पिंपळपानी कमानीतून. सकाळी सूर्य डोंगराच्या मागे असतो. त्या वेळी आत फक्त आकाशाचा विखुरलेला प्रकाश येतो, त्यामुळे खांबांवरचे गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांवरची जोडपी सपाट दिसतात. मोबाइलच्या टॉर्चचाही उपयोग नाही, कारण समोरून टाकलेल्या उजेडाला सावलीच पडत नाही. दुपारी तीननंतर ऊन कमानीतून तिरपं आत उतरतं आणि मग खांब एकेक करून सुटे दिसू लागतात. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा आणि स्तूपामागे सात साधे, असे ३७ खांब त्या वेळी मोजून पाहा. मान वर केलीत की छताच्या सागवानी फासळ्या दिसतील. त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूळ लाकडाच्या आहेत आणि स्तूपावरची लाकडी छत्रीही तशीच जुनी. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीच्या, म्हणजे व्यापाऱ्याच्या, शिलालेखात या शैलगृहाला जंबुद्वीपातलं सर्वोत्तम म्हटलंय. तो लेख दुपारी वाचावा, पटतो.

डिसेंबरपर्यंत मी सगळ्यांना सांगत होतो की महिना कुठलाही असो, दुपारी पोचा. ते आता मागे घेतो. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येकडे असतो, म्हणून ऊन आत येतं ते तिरकं, आणि आत जाताना डाव्या हाताला लागणाऱ्या रांगेला त्यातलं जास्त मिळतं. फेब्रुवारी सरून मार्च लागला की मावळता सूर्य पश्चिमेकडे सरकतो आणि उजेड मधल्या दालनात सरळ जातो. ऊन थेट स्तूपापर्यंत पोचेलच असं नाही, पण जमिनीवरून परतलेला उजेड छतापर्यंत चढतो आणि फासळ्या मोजता येतात. उकाडा सोसत असेल तर मार्च निवडा. ऊन सोसत नसेल तर जानेवारीअखेर बरी.

आता मुख्य तक्रार. भटकंतीच्या बहुतेक आराखड्यांत सकाळी कार्ला, दुपारी भाजे आणि जमलं तर लोहगड असं एकाच दिवसात कोंबलेलं असतं. भाज्याचं तोंडही पश्चिमेलाच आहे. म्हणजे ज्या दोन-अडीच तासांत दोन्ही लेणी खरी दिसतात ते तास एकच आहेत, आणि तुमच्याकडे त्यांतलं एकच निवडायची मुभा आहे. मळवली स्टेशनपासून भाजे एका बाजूला आणि कार्ला दुसऱ्या बाजूला आहे. मधे रिक्षा, मग पायऱ्या, मग पुन्हा पायऱ्या. धावपळ करून शेवटी दोन्हीकडे चुकीच्या वेळी पोचणं होतं. प्रवासाचे पैसे दुसऱ्यांदा खर्च करायला जिवावर येतं हे मान्य, पण इथे ते खर्च करा.

भाज्याला दुपारी जायचं ते दक्षिण टोकाच्या विहारासाठी, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यासाठी. तिथल्या ओसरीतली, सूर्य आणि इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं उथळ कोरलेली आहेत. उतरत्या उन्हात रथाची चाकं आणि हत्तीची सोंड दिसते, एरवी दगडावर नुसते फुगवटे. चैत्यगृहातले खांब आत कललेले आहेत, कारण कोरणाऱ्यांनी लाकडी इमारतीची नक्कल दगडात उतरवली. लाकडात छताचा भार पेलायला तो कल लागतो, दगडात त्याची काहीच गरज नव्हती. दर्शनी भागाचं लाकूड केव्हाच गेलं. ते बसवण्यासाठी खडकात पाडलेली भोकं मात्र शिल्लक आहेत, ती शोधा.

पैशांचं बोलायचं तर कार्ला, भाजे आणि कान्हेरीला भारतीयांसाठी रोखीने २५ रुपये आणि ऑनलाइन २०, घारापुरीला ४० आणि ३५, पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफ. पाच रुपयांसाठी नव्हे, रांगेसाठी ऑनलाइन घ्या, आणि घरूनच. डोंगरावर नेटवर्क दगा देतं, म्हणून क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. कार्ल्याला तिकीट लेण्याचं असतं, देवीच्या दर्शनाचं नव्हे. एकवीरा आईचं देऊळ चैत्यगृहाच्या दाराशीच आहे. रविवारी आणि चैत्रातल्या यात्रेत पायऱ्यांवर भाविकांची दाटी असते, लेण्यात निवांत उभं राहणं अशक्य. आठवड्यातला मधला वार काढा. लेणी बंद व्हायची वेळ पाटीवर वाचून घ्या आणि तिकीट खिडकी त्याआधीच मिटते हे धरून चाला.

लोणावळ्यापर्यंत मुंबईहून एक्स्प्रेस आणि पुढे मळवलीपर्यंत पुण्याच्या लोकलने एकच स्टेशन. दुपारच्या मध्यात या लोकल विरळ असतात. एक चुकली तर पुढचीची वाट बघत बसू नका, लोणावळ्याहून रिक्षा करा. रिक्षाचे पैसे वाचवायच्या नादात उजेडाचा तास गेला तर तो त्या दिवशी परत मिळत नाही.

घारापुरीचा हिशोब उलटा आहे. मुख्य लेण्याचं तोंड उत्तरेला, त्यामुळे हिवाळ्यात सदाशिवावर, म्हणजे तिथल्या तीन मुखांच्या भव्य शिवमूर्तीवर, थेट ऊन पडतच नाही. बाजूच्या चौकांतून आलेल्या उजेडावर भागवायचं. गेटवेहून सकाळची पहिली बोट धरा, तासाभरात बेटावर पोचाल. जेट्टी, पुढे सुमारे १२० पायऱ्या, आणि मग उन्हातून आत शिरल्यावर पाच मिनिटं गप्प उभे राहा. डोळे सरावल्याशिवाय तो मधला चेहरा दिसत नाही, आणि बहुतेक लोक त्याआधीच फोटो काढून वळतात. बोटीचं परतीचं तिकीट जपा.

कान्हेरीचं मोठं चैत्यगृह, तिसऱ्या क्रमांकाचं, तेही पश्चिमेकडे बघतं. बोरिवलीहून जवळ असल्यामुळे दुपारचं निघणं जमतं, पण संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क आणि फाटकापासून लेण्यांपर्यंतचे सहा-सात किलोमीटर धरून चला. घारापुरी आणि कान्हेरी दोन्ही सोमवारी बंद.

चारांत माझं पहिलं मत भाज्याला होतं, कारण तिथे गर्दी कमी. मार्चच्या फेरीनंतर कार्ला एक पाऊल पुढे गेलं. पुढच्या वेळी दुपारी दोनला कार्ल्याच्या पायथ्याशी असेन, सोबत पाण्याची बाटली आणि वर बघायला दुर्बीण; छताच्या फासळ्यांना जिथे सांधे आहेत ते अजून नीट दिसलेले नाहीत.