एक चिमटा आणि आईची एकादशी : दोन क्रूझनंतर कंपनी का बदलतोय

बोटीवरून उतरून चार महिने झाले. आईच्या जेवणाबद्दल कंपनीकडे केलेल्या तक्रारीचं शेवटचं उत्तर परवा आलं, म्हणून आज लिहायला बसलो. कंपनीचं नाव देत नाही. मला कुणाशी भांडण लावायचं नाही, आणि जे घडलं ते सिंगापूरहून सुटणाऱ्या दुसऱ्या एखाद्या बोटीवरही घडू शकलं असतं. त्याच कंपनीबरोबर दोनदा गेलो. जानेवारी २०२५ मध्ये मी आणि बायको, तीन रात्री. डिसेंबर २०२५ मध्ये आईला घेऊन, चार रात्री. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्या कंपनीची बोट घ्यायची हे ठरलंय. कुठली, ते हुडकतोय.



पहिल्या खेपेबद्दल मला अजूनही वाईट बोलवत नाही. बेळगावहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बंगळूर, तिथून विमानानं सिंगापूर, मरीना बे टर्मिनलवर दुपारी आत. सगळ्यात स्वस्त, बिनखिडकीची केबिन घेतली होती आणि ती पुरली, कारण आम्ही झोपण्यापुरतेच आत होतो. पिनांगला कंपनीची सहल घेतली नाही. बंदरातून बाहेर पडलं की जॉर्जटाउन चालण्याच्या अंतरावर आहे. २००८ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं गाव पायी फिरून बघितलं, तिथल्या लिटल इंडियात डोसा खाल्ला आणि बोटीवर परतलो. माणशी साठ-सत्तर डॉलर वाचले. मलेशियाला भारतीयांना सध्या व्हिसा लागत नाही, फक्त आधी ऑनलाइन अर्ज भरायचा. सिंगापूरचा व्हिसा मात्र मल्टिपल एन्ट्रीच हवा, कारण बोट बाहेर जाऊन पुन्हा तिथंच येते. हे एजंटानं सांगितलं नव्हतं, मीच तपासलं.

घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटलो की आईला न्यायचंच. त्याला कारण होतं. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, तरुणपणी वेंगुर्ल्याहून आगबोटीनं मुंबईला गेले होते. तेव्हा आपल्या बेळगावचं बंदर वेंगुर्लाच. माल आणि माणसं घाटानं खाली उतरायची. पडाव, रात्रीचे दिवे, डेकवर पथारी टाकून झोपलेली माणसं, हे सगळं आजोबांनी आईला इतक्यांदा सांगितलं होतं की तिला ते स्वतः बघितल्यासारखं वाटायचं. पण ती एकदाही बोटीत बसली नव्हती.

आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, वर्षातून एकदा तरी पंढरपूर. एजंटानं फॉर्मवर 'एशियन व्हेज' लिहिलं आणि काही काळजी करू नका म्हणाला. विमानासकट तिघांचं २ लाख ८० हजारांपर्यंत गेलं. परदेशी सहलीवर आधीच घेतला जाणारा कर, टीसीएस, वेगळा, तेव्हा ५ टक्के होता; तो आयकराचं रिटर्न भरल्यावर परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात. या खेपेला बाल्कनी घेतली, आईला समुद्र दिसावा म्हणून.

पहिल्या संध्याकाळी ती बाल्कनीत दोन तास बसली. आतून चहा नेऊन दिला तरी वळून बघितलं नाही. बोट सामुद्रधुनीत शिरली तेव्हा लांबवर नांगरलेल्या मालवाहू जहाजांचे दिवे दिसत होते. ती म्हणाली, "आबांनी सांगितलेलं तसंच आहे की."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला चिमटा आला.

बुफेचं टेबल तुम्हाला ठाऊक आहे. एका रांगेत ट्रे, प्रत्येक ट्रेला एक चिमटा. आई ताटली घेऊन उकडलेल्या बटाट्यांपाशी पोचली होती. पुढच्या माणसानं मांसाचे सॉसेज उचलायचा चिमटा घेतला, दोन सॉसेज ताटलीत टाकली, आणि तोच चिमटा बटाट्यांत घातला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. आईनं बघितलं. ताटली खाली ठेवली आणि म्हणाली, "मला चहाच पुरे." चार दिवसांतलं तिचं बुफेवरचं जेवण तिथंच संपलं. त्यानंतर तिनं ब्रेडसुद्धा घेतला नाही, कारण ब्रेडलाही चिमटाच होता. रात्री टेबलावर वाढायच्या हॉटेलात डाळ-भात मिळाला तो ती खायची. पण तिथंही कुठली पळी कुठं फिरते हे विचारल्यावर वेटर नुसता हसायचा.

माझं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथचं, म्हणजे मशिनवर धातू कातून द्यायचं, जॉबवर्क आहे. लोखंडाचा चुरा पितळेच्या चुऱ्यात मिसळला की भाव पडतो, म्हणून दोन्हींचे डबे वेगळे आणि झाडूसुद्धा वेगळा. आमच्या चार मशिनच्या शेडमध्ये जे जमतं ते हजारो माणसांना जेवू घालणाऱ्या स्वयंपाकघरात जमत नाही, हे मला पटत नाही. शाकाहारी ट्रे एका टोकाला, मधे हातभर जागा, हिरव्या मुठीचे चिमटे. एवढंच हवं. वास्तविक चिमट्याचं महत्त्व क्रूझ कंपन्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. बोटीवर उलट्या-जुलाबाची साथ आली की बुफेचे चमचे-चिमटे प्रवाशांच्या हातातून काढून घेतात आणि कर्मचारी स्वतः वाढतात. त्याला कारण नोरोव्हायरस. हातातून, चिमट्यावरून तो भराभर पसरतो. म्हणजे जंतूंसाठी जे करता येतं ते माळेसाठीही करता येईल.

तिसऱ्या दिवशी मार्गशीर्ष वद्य एकादशी, आणि त्या दिवशी बंदर नव्हतं, नुसता समुद्र. सिंगापुरात उतरल्यावर शाबू, शेंगदाणे घेऊन ठेवायला हवे होते. पण शिजवणार कशात? इलेक्ट्रिक किटली आगीच्या भीतीनं केबिनमध्ये चालत नाही, घरचं शिजवलेलं अन्नही वर नेता येत नाही. मी मुख्य शेफना भेटायला गेलो. ते सभ्य माणूस. 'व्हीगन' चालेल का म्हणाले. व्हीगनमध्ये टोफू होता, पास्ता होता. उपासाला भात-गहू चालत नाही हे मी समजावलं तेव्हा ते म्हणाले, मग ग्लुटेनफ्री. फॉर्मवर मांस नको, दूध नको, गहू नको, असे रकाने आहेत. उपासाला रकाना नाही.

काउंटरवर तळलेली रताळी होती, लांब काप केलेली. आईनं लांबूनच ओळखली. ओळखणारच, तिचं माहेर खानापूर तालुक्यातलं, रताळ्याच्या रानातच ती वाढली. इथली रताळी ट्रक भरभरून दिल्लीपर्यंत जातात. मी विचारलं, ह्याच तेलात आणखी काय तळता? मासे. आई दिवसभर दोन केळी आणि पाण्यावर राहिली. त्या रात्री आम्ही दोघं शोला गेलो ते तिनंच ढकललं म्हणून. शोमध्ये काय होतं ते मला आठवत नाही.

बिलात बक्षिशी माणशी रोज १७ डॉलर, तिघांचे चार रात्रींचे २०४ डॉलर, म्हणजे १८ हजारांच्या वर. ती कमी करून मागता येते हे मला माहीत होतं. केली नाही. चिमटे कुठं ठेवायचे हे खोली झाडणारी मुलं ठरवत नाहीत.

घरी आल्यावर लिहिलं. पहिलं उत्तर मशिनचं. पाच आठवड्यांनी दुसरं आलं, की सर्व काही अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणेच होतं. मी स्वच्छतेबद्दल विचारलंच नव्हतं. पुन्हा लिहिलं, सोबत टेबलाचा फोटो आणि हिरव्या मुठीची सूचना. परवा तिसरं उत्तर: पुढच्या प्रवासावर ५० डॉलरची सवलत, एका वर्षात वापरायची, दुसऱ्याला देता येणार नाही. सूचनेबद्दल एक ओळ नाही. दोन प्रवासांचे जमलेले पॉइंट आणि हे ५० डॉलर सोडून द्यायला माझा जीव तुटतो हे खरंय, पण सोडतोय.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. रविवारी आईला वाचून दाखवलं आणि आता पुढचं बदलून लिहावं लागतंय.

आई म्हणाली, "एकादशीला मी उपाशी नव्हते."

आम्ही शोला गेल्यावर ती डेकवर बसली होती. किचनचा एक मुलगा तिथं आला. गोव्याचा, डिचोलीकडचा. क्रूझवर गोव्याची मुलं खूप असतात, हे दोन्ही खेपांना पाहिलं. त्यानं तिच्या गळ्यातली माळ बघून कोकणीत विचारलं, "आजी, आयज एकादस मगो?" ती मराठीत बोलली, तो कोकणीत. तासाभरानं नव्या फॉइलच्या ट्रेमध्ये ओव्हनला भाजलेली सालासकट रताळी घेऊन आला. तेल नाही, चिमटा नाही, हातानं सोलून खायची. त्याची आजीही वारकरी होती म्हणे.

मी विचारलं, चार महिने मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तू पत्रावर पत्र लिहालेलास. त्या पोराला कुणी बोललं असतं तर? विचारून नव्हतं केलं त्यानं."

मी बराच वेळ गप्प बसलो. बोटीचं नाव न देण्याचं हे दुसरं आणि आता मोठं कारण. चार महिने माझ्या डोक्यात त्या बोटीवर माणुसकीच नव्हती असं पक्कं बसलं होतं. ते चुकीचं होतं, ते मागे घेतो. बक्षिशी कापली नाही याचं बरं वाटतंय. पण चिमट्याबद्दलचं मत तसंच आहे, उलट जास्त पक्कं झालंय. रताळी भाजायला एक फॉइलचा ट्रे आणि एक तास लागला. म्हणजे स्वयंपाकघराला जमत होतं, आणि ते एका मुलाला लपून करावं लागलं.

आईचं म्हणणं, त्याच बोटीनं जाऊ, तो मुलगा आहे ना. पण कर्मचाऱ्यांचे करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचे असतात. दिवाळीपर्यंत तो घरी असेल नाहीतर दुसऱ्या बोटीवर. माणसाच्या भरवशावर आईला पुन्हा नेणार नाही.

आता पुढची बोट. दोन नावं समोर आहेत.

एक कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस ही बोट, मुंबईहून. १९९० साली फ्रान्समध्ये सेंट नाझेरला बांधलेली, आधी रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीकडे होती. म्हणजे वय झालेलं आणि आजच्या मानानं लहान, ४८ हजार ग्रॉस टनांच्या आसपास. (ग्रॉस टन म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचं माप. मलाही आधी वजनच वाटायचं.) लहान बोट जास्त हलते, म्हणून केबिन खालच्या मजल्यावर मध्यभागी घ्यायची. जमेची बाजू अशी की भारतीय बंदरांतल्या प्रवासाला पासपोर्ट लागत नाही, व्हिसा नाही, विमान नाही. बेळगावहून रात्रीची गाडी धरायची, सकाळी मुंबई. जेवणात जैन पदार्थ असतात. आणि आई कुणाशीही थेट बोलू शकते, हे माझ्या लेखी बाल्कनीपेक्षा मोठं आहे. मुंबईहून निघून गोव्याकडे जाताना वेंगुर्ल्याचा किनारा रात्री कुठंतरी डाव्या हाताला राहील. दिवे दिसतील की नाही कुणास ठाऊक, पण आई जागी राहील.

दुसरी सिंगापूरहून जेंटिंग ड्रीम. २०१६ ची, जर्मनीत बांधलेली, दीड लाख ग्रॉस टनांची. हलाल आणि शाकाहारी-जैन जेवणाची स्वतंत्र सोय असल्याचं कंपनी जाहीरपणे सांगते. बायकोचा कल इकडे. खर्च पुन्हा अडीच लाखांच्या पुढे, शिवाय डॉलर.

मुंबईहून दोन रात्रींचा छोटा प्रवास आधी करावा, असं माझं मत. नाही जमलं तर नुकसान थोडं. तारखा आईच्या पंचांगावरून काढल्यात. चार-पाच दिवसांच्या प्रवासात एकादशी येण्याची शक्यता तीनात एक असते. यंदा अधिक ज्येष्ठ असल्यानं दोन एकादश्या वाढीव आहेत, त्यामुळे उन्हाळ्याचा विचारच सोडला. भाऊबीज झाली की कार्तिकी एकादशीपर्यंत आठवडाभर मोकळा मिळतो. कार्तिकीला आईला पंढरपुरात असायचंय, त्याआधी परत यायचं.

एजंटाला या खेपेला फॉर्म भरू दिला नाही. दोन्हीकडे मीच लिहिलंय: शाकाहारी ट्रे वेगळ्या टेबलावर असतात का, त्यांचे चिमटे वेगळे असतात का, तळणीचं तेल वेगळं असतं का, उपासाला भाजलेली रताळी मिळतील का. निघण्याच्या दोन महिने आधी हे सगळं बुकिंगवर लेखी यायला हवं. आलं की पैसे भरणार. आईनं तोवर पिशवी भरून रताळी माळ्यावर पसरून ठेवलीत, त्या मुलाच्या घरी डिचोलीला कुणाबरोबर तरी पाठवायला. पत्ता तिनं तेव्हाच डेकवर लिहून घेतला होता.