स्टोरीवीव्हर: एक गोष्ट, वर्गातल्या दोन भाषा

‘विविधतेत एकता’ हा पाठ बहुतेक शाळांत राज्याराज्यांच्या वेशभूषेत उरकला जातो. एक दिवस फेटे, मुंडू, घागरे. दुसऱ्या दिवशी वर्ग जसाच्या तसा. वर्गातच बसलेल्या बंजारा, तेलुगू किंवा भोजपुरी बोलणाऱ्या मुलाची भाषा मात्र त्या दिवशीही कुणाच्या कानावर पडत नाही. ही उणीव भरून काढायला प्राथमिक शिक्षकांच्या हाताशी असलेलं सर्वांत उपयोगी साधन म्हणजे प्रथम बुक्स या ना-नफा संस्थेनं २०१५ साली सुरू केलेलं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ.

इथे शेकडो भाषांतली चित्रमय बालपुस्तकं मोफत आहेत. मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगू, गुजराती, उर्दू तर आहेतच, शिवाय गोंडी आणि कोरकूसारख्या भाषाही आहेत. त्यांतली पुस्तकं मराठी-हिंदीच्या मानानं खूप कमी, पण मेळघाटातल्या पहिलीच्या मुलाला घरची भाषा छापलेली दिसणं ही मोठी गोष्ट आहे. वाचन पातळ्या चार: पहिल्या पातळीत मोजकी, पुन्हापुन्हा येणारी वाक्यं, चौथ्या पातळीत लांब गोष्टी.

पण ‘सण’ किंवा ‘संस्कृती’ असे शब्द टाकून पुस्तकं शोधण्यात या साधनाचा खरा उपयोग नाही. प्रत्येक गोष्टीच्या पानावर तीच गोष्ट आणखी कोणत्या भाषांत आहे याची यादी असते, आणि सगळं मोल त्या यादीत आहे. मराठी आवृत्ती निवडा, यादीतून वर्गातल्या मुलांची दुसरी भाषा उघडा, दोन्हींची पीडीएफ उतरवून घ्या (त्यासाठी खातं उघडावं लागतं, तेही मोफत). वर्गात आधी फक्त चित्र दाखवा, मग तेच पान मराठीत वाचा, मग दुसऱ्या भाषेत. वेळ दुप्पट लागतो, म्हणून सुरुवात पहिल्या पातळीच्या गोष्टीनं करा. दुसऱ्या पातळीचं पुस्तक घेतलं तर दोन तासिका धरूनच चाला.

वाचण्याआधी प्रत्येक पुस्तकातून चार-पाच शब्द काढून ठेवा. नात्यांचे शब्द सर्वांत चांगले. मराठी ‘आजी’ला कन्नडमध्ये ‘अज्जी’. मुलं लगेच हसून ओळखतात. हिंदीत मात्र ‘दादी’ की ‘नानी’ हे ठरवावंच लागतं, तेलुगूतही ‘नानम्मा’ वडिलांकडची, ‘अम्मम्मा’ आईकडची. आपली भाषा दोन माणसांना एकच शब्द देते आणि शेजाऱ्याची दोन, हे आठ वर्षांच्या मुलाला कळतं, तेव्हा विविधता शिकवून झालेली असते. फळ्यावर दोन रकाने करा आणि ते आठवडाभर पुसू नका.

हे फसतं ते बहुधा दोन ठिकाणी. पहिलं, घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलाला तेलुगू लिपी येते असं आपण धरून चालतो. मराठी माध्यमात शिकणाऱ्या अशा बऱ्याच मुलांना ती येत नाही, आणि सर्वांसमोर पुस्तक हातात दिलं की मूल मुकं होतं. अशा वेळी वाचायला न लावता चित्र बघून गोष्ट सांगायला लावा, किंवा पालकांपैकी कुणाला बोलवा. दुसरं, ‘तुमच्यात काय खातात?’ हा प्रश्न एकट्याच मुलाला विचारणं. त्यानं ते मूल प्रदर्शनातली वस्तू होतं. तोच प्रश्न वर्गातल्या प्रत्येकाला विचारा. एकाच गावच्या दोन घरांतल्या आमटीतही फरक निघतो.

भाषांतराच्या दर्जाकडे डोळसपणे पाहायला हवं. इथे कुणीही भाषांतर करून प्रकाशित करू शकतं, त्यामुळे प्रकाशकांच्या नीट संपादित मराठीशेजारीच अडखळणारी वाक्यंही भेटतात. मूळ हिंदी ‘नानी’ची सरसकट ‘आजी’ झाली तर आईचं माहेर गोष्टीतून गायब होतं. पातळीच्या आकड्यावरही विसंबू नका. पहिल्या पातळीच्या पुस्तकात जोडाक्षरं किती आहेत ते स्वतः मोजा. आणखी एक गोष्ट खटकते: मराठी संग्रहातली भाषा बहुतेक प्रमाणच. अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या वर्गानं आपलं भाषांतर स्वतः करावं हे उत्तम. त्याची सोय संकेतस्थळावरच आहे, आणि यादीत नसलेली भाषा जोडण्याची विनंतीही करता येते. पाचवीच्या मुलांना हे काम गटात झेपतं. मात्र एका गटाला चार पानांपेक्षा जास्त देऊ नका.

सहावीनंतर हे साधन अपुरं पडतं. जात, धर्म, भेदभाव यांवर थेट बोलायला मोठा मजकूर लागतो. तिथे बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक, तेही ऑनलाइन मोफत, जास्त कामाला येतील.

छपाईबद्दल: एका ए-फोर कागदावर दोन पानं चालतात, पण काळ्या-पांढऱ्या छपाईत गडद पार्श्वभूमीची चित्रं नुसते डाग होतात. रेषाचित्रांची पुस्तकं निवडा. गोंड किंवा सौरा या आदिवासी शैलीतलं चित्र असेल तर निदान मुखपृष्ठ तरी रंगीत काढा. पुस्तकं ‘सीसी बाय’ (श्रेय देऊन मुक्तपणे वापरा) या परवान्याखाली आहेत, म्हणून कितीही प्रती काढा, वाटा. फक्त लेखक, चित्रकार आणि भाषांतरकार यांची नावं असलेली शेवटची पानं कागद वाचवायला गाळली जातात, ती गाळू नका. परवान्याची अट तीच आहे, आणि अनोळखी भाषेतलं नाव मुलांनी मोठ्यानं वाचावं अशी जागाही तीच.