फुगे फुगवायचा पंप : आठ महिने, पाच वाढदिवस आणि ती आखूड वायर

वायरपासूनच सुरुवात करते, कारण आठ महिन्यांत सगळ्यात जास्त त्रास तिनेच दिलाय. टेप लावून मोजली, ९२ सेंटीमीटर भरली. आमच्या सोसायटीत हॉलमधले स्विचबोर्ड जमिनीपासून साडेचार फुटांवर आहेत. म्हणजे प्लग लावला की पंप हवेत लोंबकळतो! असं यंत्र बनवणाऱ्यांनी कुणाच्या घरात एकदा तरी ते लावून बघितलं असेल का?

पंप घेतला गेल्या जूनमध्ये, लेकीच्या तिसऱ्या वाढदिवसासाठी. फुग्यांच्या कमानीचे डेकोरेटरने साडेपाच हजार सांगितले. तीन वर्षांच्या मुलीच्या दोन तासांच्या कार्यक्रमाला एवढे पैसे द्यायला माझा हात धजेना. पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की पेठांतले रस्ते बंद होतात, म्हणून आठवडाभर आधीच बोहरी आळी गाठली. सहाशे वॅटचा, दोन नळ्यांचा पंप साडेसातशेला आणि दहा इंची शंभर फुगे दोनशे ऐंशीला मिळाले. केक घरीच कुकरमध्ये केला. बाकी बटाटेवडे, मसालेभात आणि सोलकढी. बारा मुलं आणि त्यांचे आईबाप धरून सगळा वाढदिवस पंपासकट चार हजारांत झाला.

पंपाचं काम मात्र चोख. तीन-चार सेकंदांत फुगा तयार. पण खरा वेळ गाठ मारण्यात जातो, हे आधी कुणी सांगत नाही. एका गाठीला पंधरा-वीस सेकंद धरा. चाळीस फुग्यांनंतर तर्जनी सोलवटते. त्यामुळे दोन नळ्यांचा उपयोग गाठी मारायला दोघं बसली तरच. आमच्याकडे मी फुगवते आणि नवरा व सासूबाई गाठी मारतात. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याला आठ इंचांचं गोल भोक पाडून ठेवलंय. प्रत्येक फुगा त्यातून काढायचा, जास्त झाला तर थोडी हवा सोडायची. सगळे फुगे एका मापाचे झाले तरच कमान रेखीव दिसते. दोन-दोनच्या जोड्या, दोन जोड्यांना पीळ देऊन चौकडी, अशा शंभर फुग्यांच्या पंचवीस चौकड्या होतात.

आवाज मिक्सरसारखा आहे. दुपारी मूल झोपलेलं असताना लावूच नका.

पहिले दोन वाढदिवस नीट पार पडले. ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मुलाचा होता. साठेक फुगे झाले आणि जळकट वास येऊन पंप बंद पडला. पाहुणे साडेसहाला यायचे होते, घड्याळात पाच वाजले होते. उरलेले चाळीस आम्ही तोंडाने फुगवले. सोमवारी पंप घेऊन दुकानात गेले. ‘ताई, एकदा प्लग लागला की इलेक्ट्रिकचा माल परत नाही.’ मी बिल दाखवलं. त्यावर गॅरंटीचा शब्द नव्हता, हे त्यांनी मलाच वाचून दाखवलं. ‘निदान दुरुस्त तरी करून द्या,’ म्हटलं, तर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. चीज वाईट निघाली याचा राग नाही एवढा, त्या वळण्याचा आला. त्या रात्री हा अनुभव लिहिला असता तर ‘घेऊ नका’ एवढंच लिहिलं असतं.

मग आमच्या इथल्या मिक्सर दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. त्यांनी चार स्क्रू काढून आतलं दाखवलं. हवा आत ओढायच्या फटी पंपाच्या बुडाला आहेत आणि तीच हवा मोटर थंड ठेवते. जाळीवर पांढऱ्या पावडरीचा थर आणि कापसाचे धागे. फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पावडर लावलेली असते, ती तिथे बसली होती. आणि कापूस? तो गादीचा. वायर पुरत नाही म्हणून आम्ही दिवाणावर गाद्या रचून त्यावर पंप ठेवत होतो. बुड गादीत रुतून फटी बंद होत होत्या. ‘मोटर जळली नाही हो, गुदमरली होती. जास्त तापली की आपोआप बंद होते,’ काका म्हणाले. जाळी साफ केली, आखूड वायर काढून तीन मीटरची बसवली आणि अडीचशे रुपये घेतले.

तेव्हापासून माझं मत बदललंय. पंप आता फरशीवर, पाटावर ठेवते. पंचवीस-तीस फुगे झाले की दहा मिनिटं बंद. डिसेंबर आणि जानेवारीचे दोन्ही वाढदिवस बिनतक्रार झाले. पाच घरांत वापरला, म्हणजे दुरुस्तीसकट हजार रुपयांचे घरटी दोनशे पडले.

फुग्यांबद्दल दोन गोष्टी. उन्हात ठेवू नका, ऑक्टोबरात गॅलरीतले फटाफट फुटले. आणि औक्षणाचा पाट कमानीपासून चार हात लांब मांडा, निरांजनाच्या धगीनेही फुगा फुटतो. फुटला की तुकडे तिथल्या तिथे वेचा. आमच्याकडे एका दोन वर्षांच्या बाळाने रबराचा तुकडा तोंडात घातला होता, त्याच्या आजीने बोट घालून काढला. माझे हातपाय गार पडले होते. रबर श्वासनलिकेत अडकलं तर घट्ट चिकटून बसतं. तेव्हापासून लहानांच्या हातात आम्ही फुगा देतच नाही, सगळे वर बांधतो. तशाही फुग्याच्या प्लॅस्टिकच्या काड्या १ जुलै २०२२ पासून बंदच आहेत, सजावटीचं थर्माकोलही.

गेल्या महिन्यात कागदी प्लेटा आणायला पुन्हा बोहरी आळीत गेले. त्याच दुकानात तेच खोकं दिसलं. उघडायला लावलं आणि हातानेच वायर मोजली. साडेचार वीत. शेजारी एक बाई तोच पंप हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांना म्हटलं, घ्या, चांगला आहे, पण घरी नेण्याआधी वायर बदलून घ्या.