धुळीसाठी ठीक, पण सिगारेटच्या धुरासाठी हा एअर प्युरिफायर घेऊ नका

धुळीसाठी मशीन चांगलंय, आवाज कमी, फिल्टर काढायला सोपा, म्हणून तीन स्टार. पण बॉक्सवर बाळाचा फोटो टाकून खाली सिगारेटच्या धुरापासून संरक्षण असं छापलंय ना, त्याचा मला खरंच राग आलाय आणि रिव्ह्यू त्यासाठीच लिहितेय.

यातला हेपा फिल्टर, म्हणजे बारीक कण गाळणारा फिल्टर, 0.3 मायक्रॉनचे (डोळ्यांना न दिसणारे) 99.97 टक्के कण अडवतो हे खरंय, पण जी हवा त्याच्यातून जाते तिच्यातलेच. खोलीतली हवा फिरून मशीनपर्यंत जाईस्तोवर पोराच्या छातीत धूर गेलेला असतो, त्यात लहान मुलं मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तर हेपात अडकतच नाही. कार्बन फिल्टरने वास कमी होतो, आणि मला तर तेच जास्त डेंजर वाटतं कारण वास गेला की घरातल्यांना वाटतं धूरच गेला, मग दुसरी पेटवायला कोणी थांबत नाही. निकोटीन गादीवर, पडद्यांवर, भिंतींवर बसतं ते वेगळंच, रांगणारं बाळ तिथेच हात लावून तोंडात घालतं. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या बड्या आरोग्य अधिकाऱ्याच्या, 2006 च्या रिपोर्टमध्ये स्पष्ट सांगितलंय की हवा साफ करून किंवा खेळती ठेवून हा धोका पूर्ण जात नाही, घरात ओढणंच बंद करावं लागतं. दमा, कानाचं इन्फेक्शन, छातीचे आजार, हे सगळं मुलांना त्यातून होतं.

आता बाहेर जाऊन ओढा म्हणणं सोपंय, ज्यांच्याकडे बाल्कनी आहे, अंगण आहे त्यांना. एकाच खोलीत सगळे राहतात, वरचा मजला, बाळ झोपलंय, सांभाळायला दुसरं कोणी नाही, तर ती आई बाळाला एकटं टाकून खाली जाणार कशी? शेजारच्या घरातला धूर येतो तो वेगळा. कमी पैसेवाल्या घरातल्या मुलांच्या अंगात धूर जास्त जातो हे बऱ्याच देशांच्या अभ्यासात दिसलंय, आणि मुलांवर त्यांचं प्रेम कमी असतं असं अजिबात नाही. अशाच घरांना काळजी दाखवून हे मशीन हप्त्यावर विकायचं, वर फिल्टरचा खर्च कायमचा, हे मला पटत नाही. तेवढ्या पैशात निकोटीन गम किंवा पॅच येतात, डॉक्टरांना विचारून ते सुरू करा, लगेच सुटली नाही तरी निदान मूल असतं त्या घरात पेटवू नका.

कंपनीने तो फोटो आणि ती ओळ काढली तर चौथा स्टार द्यायला मी तयार आहे.