फायबर खणखणीत, माहितीपत्रक मुकं

घरी फायबर इंटरनेट घेतलंय, त्याचा हा अनुभव. आधी वेगाचं सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. प्लॅन १०० एमबीपीएसचा. यातला बी म्हणजे बिट. डाउनलोड होताना स्क्रीनवर दिसणारा आकडा मात्र बहुधा बाइटमध्ये असतो आणि १ बाइट म्हणजे ८ बिट. त्यामुळे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट दिसले की समजायचं, पूर्ण वेग मिळतोय. लॅपटॉप थेट केबलने जोडून पाहिला, वेग जवळपास तेवढाच भरला. वायफायवर मोजून कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीपलीकडे पोचतो पण शेजाऱ्यांच्या राउटरांच्या गर्दीत सापडतो; ५ गिगाहर्ट्झ पळतो, पण भिंत आडवी आली की ढेपाळतो.

जोडणीला आलेला तंत्रज्ञ फार आवडला. वायर टाकून सटकला नाही. टोकाला प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर लावून उणे १९ डीबीएम (त्या ताकदीचं एकक; उण्यातला आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमजोर) आल्याचं दाखवलं. "उणे २७च्या आसपास गेलं की लाइन रडायला लागते," म्हणाला. दाराच्या चौकटीपाशी वायर काटकोनात वळत होती, तिथे त्याने ती सोडवून मोठा गोल वळसा दिला. फायबर करकचून वाकवली तर प्रकाश तिथूनच निसटतो. ओएनटीवरचा (फायबर घरात जिला जोडतात ती पेटी) एलओएसचा, म्हणजे 'सिग्नल नाही' सांगणारा, लाल दिवा लागला तर प्रकाशच पोचत नाही असं समजायचं. तेव्हा राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही.

पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, उत्तम. रात्री गर्दीच्या वेळी थोडा वाढतो, तेही साहजिक आहे: जीपॉनच्या (एका फायबरवर अनेक घरं जोडायची पद्धत) एका पोर्टचा सेकंदाला २.४८८ गिगाबिटचा डाउनलोड प्रकाश वाटणाऱ्या स्प्लिटरमधून अनेकदा ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. जिटर, म्हणजे पिंगची वरखाली, कमी आहे. व्हिडिओ कॉलला खरा त्रास त्याचाच होतो.

आता खरी तक्रार. सीजीनॅट. आयपीव्ही४चे, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे, पत्ते एकूण सुमारे ४३० कोटीच, म्हणून कंपनी एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटते; हेच सीजीनॅट. राउटरच्या वॅन आयपीत (कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता) सुरुवातीलाच १००.६४ हा सीजीनॅटचा आकडा दिसला तेव्हाच कपाळावर हात मारला. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या यंत्राकडे वळवणं) 'चालू' दाखवतं, पण बाहेरून घरच्या स्टोरेजपर्यंत काही पोचता येत नाही. कस्टमर केअरचं पालुपद एकच, "सर, राउटर रिस्टार्ट करून बघा." तिसऱ्या माणसाला निदान सीजीनॅट हा शब्द माहीत होता! स्टॅटिक आयपीचे, म्हणजे न बदलणाऱ्या स्वतंत्र पत्त्याचे, पैसे वेगळे, आणि आयपीव्ही६ (भरपूर पत्त्यांची नवी पद्धत) अजून सुरूच केलेलं नाही. माहितीपत्रकात यातलं अक्षरही नाही. एफयूपीची, म्हणजे किती डेटा वापरल्यावर वेग कमी होतो त्याची, मर्यादा तरी बारीक अक्षरांत का होईना, छापली आहे.

पाचपैकी साडेतीन तारे. नुसतं बघायचं-ऐकायचं असेल तर बिनधास्त घ्या. घरचा कॅमेरा किंवा सर्व्हर स्वतःच्या पोर्टवरून बाहेर उघडायचा असेल, तर सार्वजनिक आयपी मिळेल असं लेखी घेतल्याशिवाय पैसे भरू नका.