चित्ररथावर कुठला शब्द? वीर, मावळा, शिलेदार की पाईक

आमच्या गल्लीतल्या पोरांनी शिवजयंतीच्या चित्ररथाचं स्क्रिप्ट दिलं वाचायला. बेळगावात मिरवणूक म्हणजे काय ते सांगायला नको. तर चार पानांत 'योद्धा' एकोणीस वेळा, आणि थर्माकोलच्या घोड्यावर बसणाऱ्यालाही योद्धा, मशाल धरणाऱ्यालाही योद्धाच. भाचा म्हणाला मामा, एकच शब्द सांग, बोर्ड रंगवायचाय.

'महारथी' घेऊ नका, तो आता पुढाऱ्यांच्या बॅनरवर गेला. महाभारतात त्याला वजन होतं, भीष्म रथी, अतिरथी असं एकेकाला मोजतो आणि कर्णाला अर्धरथी म्हणतो, तो इतका चिडतो की भीष्म असेपर्यंत लढणार नाही म्हणून बसतो. एका शब्दापायी!

'वीर' भारी, पण तो बहुतेक मेलेल्याला लावतात. आपल्या भागात देवळाबाहेर वीरगळ बघा की, लढाईत मेलेल्याच्या आठवणीचा कोरलेला दगड, खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा त्याला वर न्यायल्यात, वर शिवलिंगापुढं हात जोडून, टोकाला चंद्रसूर्य. म्हणजे बाजीप्रभूंच्या सीनला चालेल, सगळ्या पोरांना नको.

'मावळा' म्हटलं की टाळ्या ठरलेल्या, पण मूळ अर्थ मावळातला माणूस, पुण्याच्या पश्चिमेचा. फेटा बांधून कोणीही होतो ते सोडा. शिलेदार आणि बारगीर मात्र मिसळू नका, शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारचा. तुमचा घोडा मंडळाच्या वर्गणीतला, मग तुम्ही बारगीरच झालात ना 😄

ज्ञानेश्वरीत अर्जुनाला 'सुभटा' अशी हाक येते, भट म्हणजे लढवय्या, सुभट म्हणजे चांगला लढवय्या, मला फार आवडते, पण आज बोर्डावर 'सुभट' लिहिलं तर लोक लग्नाचा भटजी शोधतील. गंमत म्हणजे कन्नडमध्ये मारुतीला 'रामन बंट' म्हणतात, तो बंट म्हणजे हाच भट, लढणाराही आणि सेवकही, आपण रोज ऐकतो पण जोडत नाही.

आणि ते दोन्ही अर्थ मराठीत एका शब्दात हवे असतील तर 'पाईक'. पायदळाचा साधा शिपाई, घोडाबिडा काही नाही. तुकोबांचे पाइकाचे अभंगच आहेत, 'पाईकीचें सुख पाईकासी ठावें', आणि त्यात गोळ्या बाण अंगावर घेणं आहे, नुसतं देवाचं कौतुक नाही. 'रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग' म्हणणारा माणूस तो. आज आपण कशाचाही पाईक होतो, भाषणात तर विचारांचे पाईक पैशाला पासरी, तरी शब्द खराब झालेला नाही.

मी 'पाईक' म्हटलं. भाचा म्हणाला ऐकायला सॉफ्ट वाटतंय मामा. मग मशालवाल्यांना पाईक, घोडेवाल्याला बारगीर आणि बाजीप्रभूंना वीर असं ठरलं, 'योद्धा' एकोणीसवरून दोनवर आला. बोर्डावर मात्र 'मावळे'च लिहिणार आहेत, पेंटरला ॲडव्हान्स देऊन झालाय म्हणे.