तेरेखोलच्या अल्याड की पल्याड? किनाऱ्यावरचं शेड्यूल लावण्याआधी

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. हिवाळ्यात बावीस-पंचवीस दिवसांचं शेड्यूल आहे, किनारा हवा, कौलारू घर हवं, बजेट बेताचं. सिंधुदुर्गात लावू की गोव्यात?

मी दोन्हीकडे एकेक मराठी चित्रपट लावला आहे, आधी गोव्यात आणि मग सिंधुदुर्गात. दोन्ही वेळी निर्मितीची बाजू माझ्याकडे होती. त्यामुळे खाली जे लिहितोय ते दोन अनुभवांच्या जोरावर. तुमची गोष्ट वेगळी असेल तर उत्तरही वेगळं निघू शकतं. रेकी (आधी जाऊन जागा पाहणं), शिफ्ट, एनओसी (ना-हरकत दाखला) या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असं धरतो.

तेरेखोल नदीपाशी हा प्रश्न अगदी समोरासमोर उभा राहतो. नदीच्या उत्तर काठावर असूनही तेरेखोल गाव आणि तिथला किल्ला गोव्यात. तिकडे जायचं तर केरीहून फेरीबोटीने, नाहीतर सिंधुदुर्गातल्या शिरोडा-रेडीवरून रस्त्याने. रेडीच्या हद्दीत ट्रायपॉड लावलात तर अर्ज गोरेगावला, आणि तोच ट्रायपॉड उचलून थोडं पुढे गेलात तर पणजीला. समुद्र तोच, माडही तेच. बदलतं ते ऑफिस, आणि त्या ऑफिसाच्या मागे उभं असलेलं गाव.

आधी पणजी. गोवा मनोरंजन सोसायटी, जिला सगळे ईएसजी म्हणतात, ही तिथली चित्रीकरणाच्या परवानग्यांची नोडल संस्था. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात होतो, त्याचं काम याच संस्थेकडे असतं. साहजिकच सिनेमावाल्यांची भाषा तिथे समजावून सांगावी लागत नाही. युनिट किती, जनरेटर कुठे उभा राहणार, रात्रीचं काम आहे का, किनाऱ्यावर काही उभारणार का, हे प्रश्न तेच आधी विचारतात. दुसरी मोठी सोय अंतराची. पर्यटन खातं, बंदर कप्तानाचं कार्यालय, उत्तर गोव्याचे जिल्हाधिकारी, सगळं पणजीतच. काही अडलं तर त्याच दिवशी स्वतः जाऊन उभं राहता येतं. माझ्या पहिल्या चित्रपटाला हीच गोष्ट भावली होती. अर्ज मात्र नोव्हेंबरच्या उत्तरार्धावर ढकलू नका, कारण तेव्हा सगळी पणजी इफ्फीत असते. सप्टेंबरातच कागद देऊन टाका.

ईएसजीचं परवानगीचं पत्र सरकारी जागांपुरतं. गोव्यात गावची जमीन पुष्कळदा कोमुनिदादची असते, म्हणजे गावकरांच्या जुन्या सामाईक संस्थेची, आणि तिची परवानगी वेगळी. जुन्या घरांचं तर आणखी निराळं. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे घरावर नवरा-बायको दोघांचा हक्क, पुढे सगळ्या मुलामुलींचा. आम्ही पसंत केलेल्या घराच्या पाच वारसांपैकी एक बाई लिस्बनला होत्या. फार प्रेमळ बाई. त्यांनी होकार दिला, पण तो यायला नऊ दिवस लागले. कोकणातही सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची रांग असतेच, फक्त ते मुंबईत परळ-लालबागला किंवा विरारला असतात आणि गणपतीला गावी येतात. ज्याला हिवाळ्यात शूटिंग करायचंय त्याने घराच्या सह्या गणपतीतच उरकाव्यात. तेव्हा सगळे एका ओटीवर बसलेले सापडतात.

आता आपली बाजू. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आहे. ऑफिस गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत, अर्ज एक खिडकी पद्धतीने ऑनलाइन. मुंबईत काम करणाऱ्याला हे सोयीचं आहे. पण सिंधुदुर्गाचं जिल्हा मुख्यालय ओरोसला, गोरेगावपासून जवळपास पाचशे किलोमीटरवर. पत्र हातात पडलं आणि माझं खरं काम तिथून सुरू झालं. ग्रामसेवक, सरपंच, पोलीस पाटील, पोलीस ठाणं, जेट्टीसाठी सागरी मंडळाचं बंदर कार्यालय, देवस्थानचे मानकरी. ही माणसं एका गावात बसत नाहीत आणि एका दिवशी भेटतही नाहीत. मी आठ दिवस धरले होते, बारा लागले. कागदाच्या बाबतीत गोवा पुढे आहे, हे मला मोकळेपणाने सांगायला हवं.

काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच, त्यामुळे त्यांच्यावरून निवड करू नका. बैलगाडीचा एक शॉट असला तरी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची आगाऊ परवानगी लागते, आणि तिथे अर्ज हरियाणातल्या बल्लभगडला जातो. सेट किनाऱ्याला लागून असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवर काही उभारण्याचे नियम, आहेतच. कासवांची विण हिवाळ्यातच सुरू होते, आणि अंड्यातून निघालेली पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. आपले दिवे त्यांना समुद्राऐवजी जमिनीकडे ओढून नेतात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग ही गोव्यातली ठिकाणं आणि वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी रात्रीच्या कामासाठी मनातूनच काढून टाका. परवानगी मिळेल की नाही हा पुढचा प्रश्न.

लहान मुलं असतील तर नीट लक्ष द्या. चौदा वर्षांखालच्या कलाकारासाठी, जिथे काम होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने मुदत ठेवीत ठेवायचा. हे नियम चांगले आहेत आणि मनापासून पाळण्यासारखे आहेत. पण 'जिल्हा' हा शब्द लक्षात ठेवा. रेडीत घर आणि तेरेखोलला किल्ला असं लोकेशन धरलंत, तर एकाच मुलीसाठी ओरोसलाही अर्ज आणि पणजीलाही.

माझं मत ज्या गोष्टीवर फिरलं ती परवानगीशी संबंधितच नव्हती.

पहिल्या चित्रपटात एक प्रसंग होता. संध्याकाळ मावळते आहे, आजी आणि नऊ वर्षांची नात पडवीत बसल्या आहेत, आणि नात आजीला एक गोष्ट कुजबुजत सांगते. सगळा चित्रपट त्या कुजबुजीपाशी येऊन थांबत होता. पेडणे तालुक्यातलं घर, डिसेंबरचा मधला आठवडा, सिंक साउंड, म्हणजे संवाद जागेवरच रेकॉर्ड करायचे. ईएसजीचं पत्र, पंचायतीचा दाखला, पोलिसांना दिलेली माहिती, सगळं फायलीत नीट लावलेलं. पहिला टेक सुरू झाला आणि साउंड रेकॉर्डिस्टने हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "दादा, खालून ठेका येतोय."

कानाला नुसता ऐकू येत नव्हता. हेडफोनमध्ये मात्र स्पष्ट होता. किनाऱ्यावरचं संगीत, तिथून घरापर्यंत एक-सव्वा किलोमीटर, आणि रात्रीच्या हवेत पाण्यावरून सरळ चालत येणारा तो जड ठोका. मी चालत खाली गेलो, विनंती केली. जिथे ते वाजत होतं तिथला मालक सज्जन होता. त्याने आवाज थोडा कमी केला. पण त्याच्या शेजारी दुसरा होता आणि त्याच्यापुढे तिसरा. त्यांचा तो हंगाम होता, रात्री दहापर्यंत वाजवायची मुभा होती, वर्षभराची कमाई त्या दोन महिन्यांत होती. कुणाचीच चूक नव्हती. आमच्या पत्राने आम्हाला चित्रीकरण करण्याचा हक्क दिला होता, दुसऱ्याला गप्प करण्याचा नव्हे.

मग हिशोब मांडला. मुलीचा कॉल, म्हणजे सेटवर यायची वेळ, चारचा, कारण उतरतं ऊन हवं होतं. पाच तास नऊला संपत होते. ठेका दहाला थांबत होता. दुसऱ्या दिवशी कॉल पुढे ढकलून रात्री साडेदहानंतर प्रसंग घ्यावा असं कुणीतरी सुचवलं. मुलीच्या आईने नाही म्हटलं, आणि ती बरोबर होती. त्या वेळी नऊ वर्षांची मुलगी झोपलेली असते. तीन संध्याकाळी प्रयत्न केला, शेवटी प्रसंग मिळेल तसा उचलला आणि मुंबईला डबिंग केलं. मुलीने स्टुडिओत खूप मनापासून काम केलं. पण पडवीत आजीच्या दंडाला टेकून ती जे बोलली होती, ते काचेच्या खोलीत परत आलं नाही. आजही तो प्रसंग पाहताना मी मान खाली घालतो.

म्हणून दुसरा चित्रपट शिरोडा-रेडी पट्ट्यात नेला. इकडेही शांतता आयती मिळत नाही. रेडी बंदरात मालाची चढउतार चालू असली की ट्रक जातात. सुरूच्या बनात वारा शिरला की माइकवर कापडी कव्हर घालूनही सूं-सूं येतंच. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा आणि रात्रभर दशावतार. जत्रा तिथीवर ठरतात, त्यामुळे शेड्यूल लिहिण्याआधी आजूबाजूच्या पाच-सहा गावांच्या तारखा विचारून घ्या. तारकर्ली-मालवणकडे डिसेंबरात वॉटर स्पोर्ट्‌सच्या बोटी दिवसभर असतात, तिथे माझा सल्ला वेगळा असता.

पहिल्या सकाळी गावच्या मानकऱ्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आमच्या कॅमेरामनपासून स्पॉटदादांपर्यंत सगळे हात जोडून उभे होते आणि प्रत्येक वाक्याला गावाबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणत होते. मी हे रीत म्हणून धरलं होतं. त्याचं खरं वजन मला चौथ्या रात्री कळलं. देवळात भजन होतं, लाउडस्पीकर लावलेला, आणि आमचा असाच हळू आवाजातला प्रसंग होता. मी देवळात गेलो, विचारायला संकोच वाटत होता. पेटीवर बसलेले काका म्हणाले, "तुमचा झाला काय सांगा, मगे आम्ही सुरू करतो." चाळीस मिनिटं भजन थांबलं. गावातली पोरं रस्त्याच्या दोन्ही टोकांना उभी राहून मोटारसायकली बंद करून हातांनी ढकलत नेत होती. प्रसंग दुसऱ्या टेकला मिळाला. पॅक-अप झाल्यावर आम्ही अर्धं युनिट भजनाला जाऊन बसलो.

हे माझं नशीब असेल, तो गाव तसा असेल. पण माझ्या समजुतीने त्याला कारणही आहे. किनाऱ्यावर हंगामासाठी आलेल्या धंद्याला माझ्या चित्रपटाशी काही देणंघेणं नसतं, असायचं कारणही नाही. पर्यटन कमी असलेल्या गावात आवाज करणारी माणसं आणि घर देणारी माणसं एकच असतात. एकाला सांगितलं की सगळ्यांना पोचतं. ते बारा दिवस मी ओरोस, वेंगुर्ला, शिरोडा करत घालवले तेव्हा ते वाया गेल्यासारखे वाटले होते. त्या चौथ्या रात्री ते वसूल झाले.

बाकीच्या बाबी पटकन. राहण्याच्या खोल्या गोव्यात भरपूर, पण नाताळच्या आसपास त्यांचे दर परवडत नाहीत. शिरोडा-वेंगुर्ल्यात मोठं हॉटेल मिळणं कठीण, साठ जणांचं युनिट सात-आठ घरगुती निवासांत वाटावं लागतं आणि सकाळी गाड्यांच्या फेऱ्या वाढतात. जनरेटर आणि लाइट आम्ही कोल्हापूरहून आणले, डिझेलचा आकडा वाढला. माझ्या वहीत दोन्ही चित्रपटांची अखेरची बेरीज फार लांब पडली नाही. कलाकारांच्या विमानाचा मुद्दा मात्र आता गोव्याच्या बाजूने उरलेला नाही. जानेवारी २०२३ पासून उत्तर गोव्यातला मोपा विमानतळ सुरू आहे आणि तिथून शिरोडं जवळच पडतं. राज्याच्या अनुदानाचं म्हणाल तर ते चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण झाल्यावर दर्जानुसार मिळतं, त्यावर शेड्यूलचा खर्च बेतू नका.

गोवा कुणी निवडावा? ज्यांना दोन-तीन दिवसांत गाणं किंवा जाहिरात उरकायची आहे, ज्यांचा आवाज नाहीतरी स्टुडिओतच होणार आहे, आणि ज्यांच्या गोष्टीला चर्च, पोर्तुगीज वळणाचं घर, पणजीतल्या जुन्या फोंतेंयां वस्तीसारखी गल्ली हवीच आहे. हे सिंधुदुर्गात मिळणार नाही. (फोंतेंयांतल्या रहिवाशांनी घरांवर फोटो काढू नका अशा पाट्या लावल्या आहेत, त्यांचा मान राखून आधी त्यांच्याशी बोला.) अशा कामाला पणजीच्या ऑफिससारखी मदत मला दुसरीकडे दिसली नाही.

पण संवादावर उभा असलेला, सिंक साउंडचा, लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असलेला चित्रपट असेल, तर एकदा रेडीच्या बाजूने विचार करा. आणि दोन्हींपैकी काहीही ठरवण्याआधी रेकीला संध्याकाळी सात ते दहा जा, शनिवारी जा, साउंड रेकॉर्डिस्टला त्याच्या माइकसकट घेऊन जा. त्या एका दिवसाचे पैसे वाचवू नका. मी पहिल्या वेळी वाचवले होते.

माझं पुढचं शेड्यूल फेब्रुवारीत आहे. शिरोड्याच्या खानावळवाल्या काकींना मी कालच फोन करून तारखा सांगून ठेवल्या.